खांब जातात कुठे

ॲन आर्बर
रविवार, १२ जुलै

सुलभाताई,

आधी पाया पडते, मग भांडते. तुमचं पत्र परवा मिळालं. पाकिटाच्या कोपऱ्यावर चहाचा डाग आहे आणि तो कराडचाच असणार, कारण इथल्या टपालखात्यात आलं घातलेला चहा कोणी पीत नाही. गुडघ्याला तेल लावता का? कानाचं मशीन कपाटात ठेवलं की ऐकू येत नाही, हे मी मागेही लिहिलं होतं. फोनवर तुम्ही नुसतं "काय? काय?" करता आणि व्हिडिओवर मला फक्त तुमचं कपाळ दिसतं, म्हणून आपली ही कागदाची हौस. तुमच्या सईला वाटतं, आई आणि काकू जुन्या वळणाच्या आहेत. खरं म्हणजे आपण दोघी जावा एकमेकींचं ऐकून न घेणाऱ्या आहोत. कागदावर निदान मधे बोलता येत नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही सरळच विचारलं आहे, की दिवाळीला तू कायमची येते आहेस का? येणार नसशील तर घर बंद करून मी सईकडे बंगळूरला जाते. त्याचं उत्तर देते. पण आधी इथली खुशाली, नाहीतर पत्र फारच लहान व्हायचं.

यशोधन बरा आहे, केस आणखी मागे गेलेत. सूनबाईंना, म्हणजे रीमाला, बढती मिळाली. अनिका अकरा वर्षांची झाली आणि माझ्या कानापर्यंत पोचली. माझ्यावाचून इथे पान हलत नाही. रीमा रविवारीच आठवड्याचे डबे करून ठेवते, ते सकाळी यशोधन बाहेर काढतो. फरशी पुसायला ते गोल यंत्र आहे, ते आलं की मी पाय वर घेऊन बसते. अनिका शाळेच्या बसने येते-जाते, किल्ली तिच्याकडेच असते. तर असं सगळं माझ्या अंगावर आहे. एकदम निघणं कठीण.

आता तुम्हाला एक गंमत सांगते, जिने माझं डोकं महिनाभर खाल्लं आहे. अनिका ज्या क्लबात खेळते त्याबद्दल. हातात एक काठी असते, खाली रुंद आणि चपटी, आपल्या उलथन्यासारखी. चेंडू जमिनीवरून मारायचा, हवेत मारायचा, काठीवर तोलून धरत पळायचं. मुलगे खेळले की हर्लिंग आणि मुली खेळल्या की कमोगी. पहिल्या दिवशी मी हॉकी म्हणाले, तर अनिका माझी बाही ओढून म्हणाली, "आजी, इट्स नॉट हॉकी. प्लीज डोन्ट से दॅट हिअर." देवळात चपला घालून शिरल्यासारखं झालं मला.

क्लबचं नाव डेपो ॲथलेटिक क्लब. पुढच्या मे महिन्यात त्याला शंभर वर्षं होतील. इथे नदीच्या पलीकडे पूर्वी रेल्वेचा मालधक्का होता, तिथे काम करणाऱ्या आयरिश लोकांनी तो काढला. आणि कसा काढला ते ऐका. जत्रेत त्यांची रस्सीखेच लागली कागद-गिरणीतल्या जर्मन कामगारांशी, आणि हे हरले. नुसते हरले नाहीत, चिखलात तोंडावर पडले. पुढच्या वर्षी जिंकायचं तर सराव हवा, सरावाला मैदान हवं, आणि मैदान मिळाल्यावर नुसती दोरी ओढत कोण बसतं? मग हर्लिंग आलं, त्यांचा तो हाताने आणि पायाने दोन्हीने खेळायचा फुटबॉल आला, मालधक्क्याच्या भिंतीवर तळहाताने चेंडू मारायचा खेळ आला. पुढे बेसबॉल, मग साधा फुटबॉल, मग मुलींचं कमोगी. रस्सीखेचीत ते जर्मनांना कधी हरवू शकले की नाही, हे मात्र कोणी धड सांगत नाही. आता तिथे मेक्सिकन पोरं आहेत, दोन बांगलादेशी भाऊ आहेत आणि आपली अनिका आहे. आयरिश आडनावं आहेत, पण ती बहुतेक म्हाताऱ्यांची.

मी शनिवारी अनिकाबरोबर जाते आणि घडीची खुर्ची टाकून बसते. क्लबचा अध्यक्ष पॅट डोनेली, सत्तरीचा, अग्निशमन दलातून निवृत्त, तोंड कायम आगीतून आल्यासारखं लाल. त्याला कळलं की मी शाळेत इतिहास शिकवायची. झालं. शंभरीनिमित्त पुस्तिका काढायची आहे, ती त्याने माझ्या गळ्यात टाकली. मी म्हटलं, माझं इंग्रजी कच्चं आहे. तो म्हणाला, आमच्या आजोबांचंही कच्चंच होतं.

आता माझं डोकं खाणारी गोष्ट. या मैदानावरचे गोलाचे खांब लाकडी आहेत, भले उंच, आणि ते पक्के गाडलेले नाहीत. दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सगळा क्लब जमतो, खांब उपटतो, मधल्या जोडाचा लोखंडी पट्टा काढून एकेकाचे दोन तुकडे करतो आणि खांद्यावर टाकून घेऊन जातो. मे महिन्यात परत उभे करतो. शंभर वर्षं! मी विचारलं, का? मुलींची प्रशिक्षक म्हणाली, जागा रेल्वेची होती, कायमचं काही उभारायची परवानगी नव्हती. एक आजोबा म्हणाले, जर्मन लोक रात्री येऊन खांब कापून न्यायचे. पॅटने मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "दे थॉट दे वेअर गोइंग होम, शोभा. नेक्स्ट इयर. ऑल्वेज नेक्स्ट इयर." म्हणजे पुढच्या वर्षी मायदेशी परत जायचंच आहे, मग खांब कशाला गाडायचे?

ताई, तीस वर्षं मी पोरांना सनावळ्या पाठ करायला लावल्या, पण असं काही माझ्या हाती कधी लागलं नव्हतं. आता हे नीट शोधून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुमच्या प्रश्नाचं राहिलंच. बघा ना, समासही संपले.

मशीन कानात घाला.

तुमची, कामात बुडालेली,
शोभा


ॲन आर्बर
रविवार, २३ ऑगस्ट

सुलभाताई,

या वेळी पाया नंतर पडेन. एकनाथरावांनी यशोधनला फोन केला होता. तुम्ही जिन्यावरून घसरलात हे मला शेजाऱ्यांकडून कळावं? तुमच्या पत्रात गुडघ्याबद्दल चार ओळी, कढीपत्त्याला कीड लागल्याबद्दल अर्धं पान आणि पडल्याबद्दल एक अक्षर नाही.

आणि जिन्यावर कशाला गेला होता, तर म्हणे शोभाची खोली उघडायला. दर आठवड्याला वर जाऊन माझ्या खिडक्या उघडता, गादीला ऊन दाखवता आणि परत लावून येता, हेही मला एकनाथरावांनीच सांगितलं. हे गेल्यावर यशोधन मला इकडे घेऊन आला त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं तुम्ही हे करताय? कोणासाठी? त्या खोलीत यांची आरामखुर्ची आणि माझं शिवणयंत्र आहे, दोघांनाही वाऱ्याची गरज नाही. परत वर गेलात तर मी सईला सांगेन, आणि मग ती तुम्हाला बंगळूरच्या त्या सतराव्या मजल्यावर नेऊन ठेवेल, जिथून खाली बघितलं की तुम्हाला गरगरतं. घरात दुसरं माणूस हवं, हे मला कळतं. कळत नाही असं समजू नका.

राग आला की मला लिहायला बरं सुचतं, म्हणून क्लबचं पुढचं सांगते.

पॅटची गोष्ट मी चार पानांत लिहून काढली. अनिकाने इंग्रजी सुधारलं, आणि सुधारताना तीन वेळा "आजी, धिस इज सो सॅड" म्हणाली. मागच्या शनिवारी क्लबची सहल होती, मैदानातच, तिथे पॅटने मला ती वाचायला उभं केलं. एरवीही तिथे दोन-दोन तास उभं राहून माझे पाय दुखतात. का उभी राहते ते राहू द्या. तर मी वाचलं. घर सोडून आलेली ती तरुण पोरं, दर वर्षी म्हणणारी की एवढा हंगाम झाला की परत जाऊ, आणि म्हणून खांब न गाडणारी. वाचून मान वर केली तर पॅट चक्क रुमालाने डोळे पुसत होता. मागे उभे असलेले आपले लोक, रीमाच्या ऑफिसातले दोघं-तिघं सहलीला आले होते, तेही डोळे टिपत होते. घरी जाताना गाडीत यशोधन म्हणाला, "आई, आम्हीपण दोनच वर्षांसाठी आलो होतो."

मी विचारलं, मग?

"मग काही नाही. दर वर्षी पुढच्या वर्षी."

मला वाटलं, वा, मी इतिहास लिहिला.

पण ताई, माझ्यातली मास्तरीण फार वाईट. सगळे रडत होते तेव्हा एक बाई रडत नव्हत्या, हे मी वाचता वाचता टिपलं होतं. मॉरीन केलेहर, अठ्ठ्याऐंशीच्या, काठी घेऊन चालतात. काढलेले खांब हिवाळ्यात त्यांच्याच परसात ठेवतात. मी वाचत होते तेव्हा त्या माझ्या डब्यातला चिवडा खात होत्या, शेंगदाणे वेगळे काढून आधी. मी जवळ गेले तर एवढंच म्हणाल्या, "यू रीड नाइसली, डिअर." परीक्षकाने निबंधावर "अक्षर सुंदर" लिहावं आणि गुण देऊ नयेत, तसं.

आणि आता त्या गोष्टीवरून क्लबात वादळ उठलं आहे. विमा कंपनीने कळवलंय की लाकडी खांब धोक्याचे आहेत, लोखंडी खांब सिमेंटमध्ये गाडा, नाहीतर नगरपालिका पुढच्या वर्षी मैदान देणार नाही. आधी सगळे कुरकुरत का होईना तयार होते. माझी चार पानं ऐकल्यावर निम्मे लोक म्हणायला लागले की खांब गाडणं म्हणजे पूर्वजांशी बेइमानी, आम्ही मत देणार नाही. मतदान ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आहे, खांब काढल्यावर. मैदान गेलं तर अनिका आणि बाकीची पोरं खेळणार कुठे? मी एक गोष्ट काय वाचली आणि शंभर वर्षांचा क्लब बुडवायला निघाले.

बरं, एक घरातलं. परवा रीमा माझ्या शेजारी येऊन बसली आणि फार गोड आवाजात म्हणाली, "आई, तुम्हाला कराडला जायचं असेल ना, तर आमचं टेन्शन घेऊ नका हं. आम्ही मॅनेज करू." किती समजूतदार मुलगी! मी बरं म्हणाले आणि भाजी चिरायला उठले. भाजी चिरलेलीच होती.

तुम्ही पत्रात पुन्हा तेच विचारलंय. विचारा. विचारणाऱ्याचा हक्क आहे.

वर जाऊ नका, माझी शपथ आहे.

तुमची,
शोभा


ॲन आर्बर
रविवार, ४ ऑक्टोबर

सुलभाताई,

नमस्कार. तुमचं मधलं पत्र दोनच ओळींचं होतं. "मी ठीक आहे. तू तुझं बघ." चाळीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आपण, तुमच्या दोन ओळींत किती राग मावतो ते मला माहीत आहे. म्हणून हे पत्र मी शेवटपर्यंत लिहिणार आहे. आज उत्तर दिल्याशिवाय उठणार नाही. पण कालचं आधी सांगू द्या, कारण उत्तर त्यातूनच आलं आहे.

काल खांब काढले. गार वारा होता, झाडं पिवळी-लाल झालीत. गेल्या वर्षी मी खांब उपटेपर्यंतच थांबले होते, नंतर अनिकाला भूक लागली म्हणून घरी निघून गेलो. या वेळी मी मिरवणुकीबरोबर चालत मॉरीनबाईंच्या परसापर्यंत गेले. तिथे जुनं लांबट धुणीघर आहे, आता रिकामं. पॅट आणि बाकीच्यांनी खांबांचे खालचे तुकडे आत नेले आणि काय केलं? आपण लाकूड आडवं ठेवतो की नाही, थरावर थर? यांनी एकेक तुकडा उभा केला, बरोब्बर आढ्याच्या तुळईखाली, आणि बुडाशी पाचर ठोकून घट्ट बसवला. कोणी कोणाला सांगत नव्हतं. हात आपोआप चालत होते. वरचे तुकडे मात्र कोपऱ्यात ढीग करून टाकले, त्यांना कोणी विचारलं नाही.

मी पॅटला म्हटलं, उभे का करता? तो म्हणाला, असेच ठेवतात. बापही असेच ठेवायचा.

ताई, मी हसायलाच लागले. आठवतं का, महापुराच्या वर्षी आपली मागची पडवी खचली होती? एकनाथरावांनी वासा आणून तुळईखाली लावला, मी पाचर ठोकली आणि तुम्ही मागून "डावीकडे, डावीकडे" ओरडत होता. पुढे पडवी दुरुस्त झाली तरी तुम्ही तो वासा काढू दिला नाहीत. वर त्याला खिळे मारून पिशव्या अडकवल्या. मी तो रोज बघितलाय. म्हणून मला पाहताक्षणी कळलं, हे खांब ठेवलेले नाहीत. हे टेकू लावलेत. सगळा क्लब शंभर वर्षं विचारत होता, खांब काढतात का. मी पण तेच विचारत बसले. खांब जातात कुठे, हे कोणी विचारलंच नव्हतं.

मॉरीनबाई दारात उभ्या होत्या. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, हे छप्पर कोणाचं? त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, अखेर कोणीतरी विचारलं.

हे घर त्यांच्या आजीचं, नोराचं. नवरा गेल्यावर तिने मालधक्क्यावरच्या पोरांसाठी खाणावळ काढली. राहणं, जेवण, धुणं सगळं तिथेच. पहिल्याच हिवाळ्यात बर्फाच्या वजनाने धुणीघराचं छप्पर खाली येऊ लागलं. घर तेव्हा भाड्याचं, घरमालक दुरुस्त करेना. तेव्हा पोरांनी मैदानावरचे खांब आणून टेकू दिला. खांब लांब पडत होते म्हणून मधोमध कापले, आणि मे महिन्यात पुन्हा जोडायला पट्टा केला. खेळायला हवेत म्हणून न्यायला आले तेव्हा नोराने सांगितलं, न्या, पण ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी परत पाहिजेत, नाहीतर धुतलेला सदरा मिळणार नाही. बस. हा क्लबचा थोर नियम. उन्हाळा पोरांचा, हिवाळा नोराचा.

आणि ते मायदेशी परत जायचं? मॉरीनबाईंना ठसकाच लागला हसताना. "होम? ग्रॅनी वुड हॅव स्वम दि अदर वे." तिकडे एका खोलीत बारा माणसं आणि एक गाय, कशाला परत जाईल? परत जायची गाणी म्हणायचे सगळे, शनिवारी, पोट भरल्यावर. गेलं कोणी नाही. मी विचारलं, मग मी सहलीत वाचलं तेव्हा बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, पॅटला तेव्हा रडायचं होतं, रडू दिलं. नोराला कोणी क्लबात घेतलं नव्हतं, बायकांना तेव्हा मज्जावच होता. म्हणून जुन्या फोटोंत ती नाही. तिचं छप्परही पॅटच्या वडिलांनी कधीच नवं करून दिलंय, ते आता टेकूवाचून उभं राहतं. मी म्हटलं, मग अजून हे का चालू ठेवलंत? त्या म्हणाल्या, "दे कम, डिअर. आय पुट द केटल ऑन." त्यांच्या परसात वर्षातून एकदा एवढी माणसं येतात. ती यावीत, म्हणून त्या बोलल्या नाहीत.

पॅटचं लाल तोंड पहिल्यांदा पांढरं झालेलं बघितलं. चहाचा कप हातात घेऊन तो त्या तुळईकडे बघत राहिला. मग मत घ्यायची वेळ आली तेव्हा तोच उठला आणि म्हणाला, लोखंडी खांब सिमेंटमध्ये गाडा, मैदान ठेवा. लाकडी खांब मुलींच्या सरावाच्या छोट्या मैदानावर उभे करू, तिथे विमा कंपनीचा नियम लागत नाही, आणि ऑक्टोबरात ते मॉरीनच्या घरी येतील. सगळ्यांनी हात वर केले. जाताना मला मात्र दटावून गेला, की माझी गोष्ट पुस्तिकेतून काढायची नाही. मी दोन्ही छापणार आहे. "पॅट सांगतो" आणि "मॉरीनबाई सांगतात". इतिहास शिकवताना हे मला कोणी सांगितलं असतं, तर पोरं कमी कंटाळली असती.

आता उत्तर.

मी तुम्हाला लिहीत आले की माझ्यावाचून इथे पान हलत नाही. ताई, इथे माझ्यावाचून सगळं छान हलतं. तुम्ही तुमच्या पत्रांत कधी हे बोलून दाखवलं नाहीत, पण डबे, यंत्र आणि किल्ली वाचून ओळखलं असणार. मला ते लिहवत नव्हतं. मुलाला गरज आहे म्हणून राहिले, असं म्हटलं की सोपं असतं, तुमच्यासमोर मान वर ठेवता येते. गरज नसताना राहिले, तर मग का राहिले?

कारण मला इथे राहावंसं वाटतं. घ्या, लिहिलं.

मी शनिवारी खुर्चीत बसत नाही. मे महिन्यापासून मी गोलाच्या खांबाशी उभी असते, पांढरा डॉक्टरी कोट घालून. त्यांच्या खेळात खांबाजवळ पंच उभा राहतो. चेंडू आडव्या दांडीखालून गेला की हिरवा झेंडा दाखवायचा, वरून गेला की पांढरा. कोणी आलं नव्हतं म्हणून एकदा पॅटने मला उभं केलं, ते मी हललेच नाही. साडीवर कोट आणि पायात अनिकाचे जुने बूट. पहिल्या दिवशी अनिका लाजेने माझ्याकडे बघत नव्हती, आता मैत्रिणींना सांगते, "दॅट्स माय आजी, डोन्ट आर्ग्यू विथ हर." सहासष्टाव्या वर्षी मी मैदानात उभी राहते आणि माझा झेंडा वर गेल्याशिवाय गोल होत नाही. जन्मभर मी सासूबाईंचा, यांचा, शाळेचा, यशोधनचा टेकूच होते, आणि तुम्हीही होतात. त्याची मला लाज नाही. पण ते लाकूड मे महिन्यात उभं राहिलं की त्याच्यामधून चेंडू जातात आणि लोक ओरडतात. तेही त्याच लाकडाचं काम आहे, हे मला इथे कळलं. मला ते फार आवडतं, ताई. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगत नव्हते.

आणि तुम्ही मला हव्या आहात, हेही तितकंच खरं. तुम्ही जिन्यावरून घसरलात हे ऐकल्यापासून मी एकही शनिवार मन लावून उभी राहिले नाही. एक चुकीचा झेंडाही दाखवला.

म्हणून मी कायमची येणार नाही. वसुबारसेच्या आधी येते आणि एप्रिल संपेपर्यंत राहते. तिकीट काढलं, जाण्याचं आणि परतीचंही. पुढच्या वर्षीही असंच, त्याच्या पुढच्याही, पाय चालतात तोवर. मी इथे असेन तेव्हा तुम्ही पावसाळ्यापुरत्या सईकडे जा. तिचा सतरावा मजला चार महिने सोसा. पण घर बंद करू नका. कुलूप लावा. बंद केलेलं घर आणि कुलूप लावलेलं घर यांत किती फरक असतो, ते तुम्हीच मला शिकवलंत, माझ्या खिडक्या उघडून.

तुम्ही रागवाल. रागवा. मला अर्धी नको, पुरती हवी होती, असं म्हणाल, आणि ते खरं असेल. मी आल्यावर स्वयंपाकघरात भांडी आपटून म्हणा, मला ऐकू येतं. वरची खोली मी स्वतः उघडेन, तुम्ही पायरीला हात लावायचा नाही. आणि पडवीतला तो वासा तसाच ठेवा, पिशव्या तेवढ्या काढा. मला एकदा त्याला पाठ टेकून उभं राहायचं आहे.

हिवाळाभर तुमची,
शोभा